पाचवं शहाळं

वयात आलेल्या पोरांच्या दातांना कानस लावून ते सरळ करायचा विधी आमच्या घरी पाच पोरांचा एकत्र ठरला, म्हणून मी पाच पिवळी शहाळी सांगून ठेवली. कानसताना निघालेला भुगा पोरांनी त्यात थुंकायचा आणि शहाळं अंगणातल्या पूर्वजांच्या देवळीमागे पुरायचं. बिनलग्नाच्या बाईकडे घरातले असले हिशेब आपोआप येतात.

पाचवी सुकेर्ती, माझ्या धाकट्या भावाची लेक. नाकाशेजारी तिचा गाल फुगत चालला होता. वरचा एक सुळा आलाच नव्हता, त्या जागी अजून दुधाचा दात. दंतवैद्य एक्स-रे काढू म्हणाला, तर थोरला भाऊ गेदे म्हणाला, "विधीआधी तोंडाला हत्यार नको. वरचे सहा दात लागतात." म्हणून आम्ही तो दुधाचा दातही जपला. भावंडं विचारायची, "आजोबांची सुपारी पळवून गालात लपवलीस का गं?" पोरगी मास्क लावून फिरू लागली.

शेवटी धाकट्या भावाला घेऊन मीच तिला देनपसारला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर अर्दिकांनी एक्स-रे दाखवला: सुळा हाडात अडकलेला, भोवती गाठ. गाठीचा तुकडा तपासून झाल्यावर म्हणाले, "कर्करोग नाही. या वयाच्या मुलींत क्वचित होते अशी गाठ. काढली की सहसा परत येत नाही. पण सुळा जाईल."

"विधीनंतर काढली तर?" भावाने विचारलं.

"शेजारचे दात ढकलतेय ती. तेही गेले, तर कानस लावणार कशाला?"

सुकेर्तीच म्हणाली, "काढा."

विधीच्या दिवशी तिचे टाके ओले होते. कानस डॉक्टरांनी मना केलेली, आणि गेदे मुहूर्त बदलेना. "बसेल पुढच्या वेळी," म्हणाला. तिच्या पाठचं घरात एकही मूल नाही, मग पुढची वेळ कुठली, हे त्यालाही ठाऊक होतं.

चौघं जरीच्या कपड्यांत एकेक करून पलंगावर आडवी झाली. सुकेर्ती ओट्यावर एकटी, साध्या कपड्यांत. हसलं की टाके ओढायचे. तशी हसवायला जवळ कुणी आलंही नाही.

"उरलेलं पिऊन टाक," गेदे मला म्हणाला. मी ते शहाळं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने शेल्याची गाठ सोडली. डॉक्टरांनी परत दिलेला सुळा त्यात होता. तो तिने शहाळ्यात सोडला.

गेदे शहाळी गोळा करत आला. "हे कुणाचं?"

"माझं."

"तुझा विधी कुठे झालाय?"

"दात तर गेला ना, मोठे काका."

तो चार घेऊन देवळीकडे गेला. पाचवं तिने स्वतः उचललं आणि थोडं अंतर ठेवून मागून निघाली. मी सोबत जायला उठले, तर तिने मानेनेच नको म्हटलं.