हरणीला काहीच होत नाही

घोडागाड्यांच्या तळावर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मधोमध खांबाला एक ठिपक्यांची हरणी बांधलेली, तिला खेटून तापाने फणफणलेली घोडी, आणि दोघींच्या पाठीवर महाराजांचा एकेक हात. घोडमाश्या या पाठीवरून उठून त्या पाठीवर बसत होत्या, पण महाराज असताना माश्यांकडे कोण बघतो?

"घोड्याचा आजार हरणी ओढून घेते!" महाराज गरजले. "मीठ पाण्यात विरघळावं तसा तो हिच्या अंगात विरघळतो. एवढे घोडे बरे केले, हिला साधी शिंक तरी आली?"

"नाही!" गर्दी ओरडली.

घोडी म्हणजे गाडीवानाची काजळी. शिंगरू असताना तिची आई गेली, तेव्हा गाडीवानाच्या लेकीने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. तीच लेक आता जनावरांची डॉक्टर होऊन बापाची बाही ओढत होती.

"आबा, रक्ताचा एक थेंब घेऊ दे."

"सुई लागली की गुण जातो म्हणतात महाराज. मागच्या वेळी ताप उतरला की नाही?"

"उतरला. आणि पुन्हा चढला."

"चढणारच! घरात तुझ्यासारखी शंकेखोर असल्यावर काय होणार?"

 छापा पडला तर महाराजांची कृपा, काटा पडला तर तिची शंका.

दुसऱ्या दिवशी ताप खरंच उतरला. तळावर जयजयकार झाला. पण आठवडा उलटायच्या आत काजळीचे मागचे पाय लटपटले आणि ती खाली बसली ती उठेना. तेव्हा कुठे गाडीवान म्हणाला, "घे, पोरी. काय घ्यायचं ते घे."

तिने काजळीचं रक्त घेतलं. मग हरणीचंही. "देवाच्या जनावराला सुई?" म्हणत महाराज आडवे आले, गाडीवानाने त्यांना हाताने बाजूला सारलं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही रक्तांत तेच दिसलं: तांबड्या पेशींमधून वळवळणारे बारीक जंतू, हरणीच्या रक्तात थोडे, काजळीच्या रक्तात बुजबुजलेले.

"हा सर्रा नावाचा रोग," ती म्हणाली. "रानातली हरणं हे जंतू अंगात बाळगतात आणि बहुधा आजारी पडत नाहीत. घोडमाशी हरणीला चावते आणि तीच रक्ताळलेली सोंड शेजारच्या घोड्यात खुपसते."

"मग ताप उतरायचा तो कसा?" गर्दीतल्या एका नालबंदाने विचारलं.

"घोड्याचं शरीर बरेचसे जंतू मारतं, ताप उतरतो. उरलेले रूप पालटून पुन्हा वाढतात, ताप चढतो. तुम्ही महाराजांना बोलावता ताप अगदी चढल्यावर. त्यानंतर तो उतरणारच. तिथे हरणीऐवजी दगड बांधला असता तरी उतरला असता."

गाडीवान काजळीजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "मी काजळीला पहिल्यांदा या हरणीपाशी आणलं, तेव्हा तिचा नुसता पाय लचकला होता. ताप नव्हता."

लेकीने औषधाची पेटी उघडली.

औषध होतं, पण काजळीसाठी उशीर झाला होता. संध्याकाळी गाडीवानाच्या मांडीवर डोकं ठेवून काजळी गेली. महाराज गर्दीतून कधीच पसार झाले होते, म्हणून लोकांनी हरणीवर काठ्या उगारल्या. गाडीवान मध्ये उभा राहिला.

"तिला काय मारता? ती कधी म्हणाली होती, मी बरं करते म्हणून? तिला घोड्यांपासून लांब न्या. आपापल्या घोड्यांचं रक्त तपासून घ्या, आजच." त्याने काजळीचं दावं सोडवून हातात गुंडाळलं. "आणि शंका आली तर येऊ द्या रे. मलाही आली होती. मी ती दाबली."