मिडलटनची बाजू

"आज त्या जनरलचं नाव काढाल ना, तर याद राखा!" सकाळीच जयाबाईंनी नवऱ्याला दम भरला होता. आणि बुद्धभूषण मेश्रामांनी पहिल्या घासालाच नेमकं तेच नाव काढलं.

२०१६ सालची गोष्ट. विनिपेगला त्यांच्या प्रीतीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा लुक आणि त्याची आई लोरेन जेवायला आलेली. बाई मेटी, म्हणजे तिथल्या आदिवासी आणि फ्रेंचांच्या मिश्र वंशाच्या, १८८५ साली कॅनडाच्या फौजेशी लढलेल्या लोकांतल्या. आणि आमचे मेश्राम त्याच फौजेच्या इंग्रज सेनापतीचे, मिडलटनचे, भक्त! आता काय बोलावं? कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते ते; माणसं जपणारा सेनापती त्यांना आवडायचाच.

"लोक त्याला गोगलगाय म्हणतात," मेश्राम रंगात आले. "फिश क्रीकला मार खाल्ला, मग दोन आठवडे जागचा हलला नाही. पण नवखी पोरं होती हाताखाली. फुकट मरू दिली नाहीत!"

"डॅड, प्लीज, नॉट नाऊ," प्रीती कुजबुजली.

लोरेनबाईंनी घास खाली ठेवला. "पुढे बटॉशच्या लढाईत माझे पणजोबा लढले. समोरच्या बाजूनं."

मेश्रामांच्या तोंडचं पाणी पळालं. जमत आलेलं लग्न या जिभेनं मोडलं, दुसरं काय!

"आणि फर?" बाईंनी विचारलं. "आमच्या माणसाची फर, किमती केसाळ कातडी, ढापली त्यानं. ते गाळलंत तुम्ही."

"गाळलं," मेश्राम म्हणाले. "त्याला माफी नाही. चुकलंच माझं."

बाईंनी घास पुन्हा उचलला. "रेंगाळला मात्र खरा. त्या दोन आठवड्यांत पणजोबांनी पणजीला नदीपार धाडलं. माझे आजोबा पोटात होते. तो चपळ असता, तर मी कुठली आणि लुक कुठला! पणजोबा तेवढे खंदकात राहिले, तिथंच गेले."

मेश्राम उठले. आंबेडकर असोसिएशनच्या सभेत दिवंगत माणसासाठी उभे राहतात तसे, मान झुकवून उभे राहिले. जयाबाई उठल्या, पोरं उठली. लोरेनबाई बघतच राहिल्या आणि मग त्याही उभ्या राहिल्या.

"परक्या घरात त्यांच्यासाठी कोणी उभं राहील, असं वाटलं नव्हतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लग्न जुलैत करू या?"

जयाबाईंचा जीव भांड्यात पडला.  मेश्रामांनी मटणाच्या रश्श्यातली सगळ्यात मोठी नळी शोधली आणि विहीणबाईंच्या ताटात वाढली.