मुरवलेला कोट

त्या घरात जुन्या काळावरच्या मालिका बघायची रीत जगावेगळी होती. राणीचा जीव कुणावर जडला, सरदाराने विष कुणाच्या पेल्यात कालवलं, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नसायचं. "तो हिरवा मखमली मेला का?" "छे, मेला तो तपकिरी. हिरव्याला अजून एक लढाई आहे." अशी यांची बोलणी. नवख्या माणसाला वाटावं, कापडाच्या दुकानाला आग लागलीय आणि काय वाचलं याची चौकशी चाललीय.

आई अशा मालिकांचे आणि चित्रपटांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात होती. तिचं काम मात्र शिवायचं नव्हतं, नव्याचं जुनं करायचं होतं. शिंप्यांनी कोरा करकरीत कोट शिवून द्यायचा आणि आईने त्याची रया घालवायची. कोपरं काचकागदाने घासायची. ओल्या कोटाच्या खिशांत दगड भरून तो टांगून ठेवायची, म्हणजे खिसे माणसाच्या हातांनी लोंबावेत तसे लोंबत. कॉलरला मेण चोळायची, अस्तर चहाच्या पाण्यात बुडवायची. कारखान्यात या कामाला मुरवणं म्हणत, आणि मुरवण्याआधी आई कटिंगच्या मास्तरांना भंडावून सोडायची. माणूस डावखुरा आहे का? ओझं कुठल्या खांद्यावर घेतो? बटण तुटलं तर लावून द्यायला घरी कुणी आहे का? हे कळल्याशिवाय ती काचकागदाला हात लावत नसे.

आणि असल्या बाईचा नवरा लॉन्ड्रीवाला. घराच्या खालीच बाबांचं दुकान होतं. सबंध गल्लीचे डाग हा माणूस काढणार आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर बसून डाग पाडणार, यांचं जमलं कसं, हे कोडं मावशीला शेवटपर्यंत सुटलं नाही. पण जमलं होतं ते त्यावरच. इतर जोडपी जेवणानंतर पत्ते कुटतात. आई एक चिंधी बाबांपुढे टाकायची आणि म्हणायची, काढून दाखवा. बाबा वास घ्यायचे, उजेडात धरायचे, लिंबू, स्पिरिट, वाफ असं एकेक करून बघायचे आणि बहुतेक वेळा काढून दाखवायचे. चार दिवसांनी दुसरी चिंधी यायची.

पडद्यावर तिचा कपडा दिसला की आई दोनच शब्द बोलायची, "आला माझा." बाकी जगाला तो दिसायचाही नाही. दिसला नाही हीच तिची शाबासकी.

आई गेली ती थंडीच्या सुरुवातीला, ध्यानीमनी नसताना. तेव्हा तिच्या हाताखाली एका शिपायाचा लांब कोट होता. लोकरीचा, राखाडी, वर्षानुवर्षं लढाईवर असलेल्या माणसाचा. कारखान्यातल्या अवजारांनी तिचं समाधान होईना म्हणून तो तिने घरी आणला होता आणि स्वतःच घालून वावरत होती. त्यात स्वयंपाक केला, त्यात भांडी घासली, त्यातच दुपारची आडवी झाली. लेक ग्रंथालयातल्या नोकरीवरून आली की आईऐवजी तो कोटच दार उघडायचा. उजव्या खांद्यावर पट्ट्याची रेघ उठावी म्हणून बाजाराची पिशवीसुद्धा ती त्याच खांद्याला लावायची. कोट जवळजवळ झाला होता. बाकी होतं ते तिचं शेवटचं एकदा लांबून बघणं.

ती गेल्यावर घरात माणसं आली, बसली, गेली. बाबांना मात्र बसवेना. हाताला काम हवं म्हणून ते दुकानात उतरत, आलेलं सगळं धूत, आणि धुवायचं संपलं की वर येऊन घरातलं धुवायला नेत. तशात दारामागचा कोट त्यांच्या हाती लागला. कारखान्याची वस्तू, परत करायला हवी. मळकी कशी परत करायची? बायकोच्या नावाला कमीपणा नको. त्यांनी तो धुतला, वाफेवर धरला, बाहीचा फाटका जोड रफू केला, लोंबतं बटण घट्ट केलं, कडक इस्त्री केली आणि कागदात बांधून कारखान्याच्या गाडीवर पाठवूनही दिला.

लेकीने दोन दिवसांनी विचारलं, कोट कुठे गेला? बाबांनी किती तरी दिवसांनी ताठ मानेने सांगितलं, पाठवला, अगदी नव्यासारखा करून. आणि मग लेकीचा चेहरा पाहून त्यांना कळलं. ते इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. इस्त्री तापलेली होती. लेकीनेच ती बंद केली.

तेव्हापासून बाबांनी टीव्हीचं नाव काढलं नाही. लेकीने मास्तरांना फोन केला होता. ते म्हणाले, बांधलेला गठ्ठा तसाच न उघडता चित्रीकरणाला गेला, पुढचं त्यांना ठाऊक नाही. एवढं मात्र नक्की की तो शिपाई मालिकेच्या शेवटच्या भागात घरी परततो. त्याच्या अंगावर तो कोट असेल, किंवा फेकून देऊन कुणी दुसराच घातला असेल. असला, तर त्यात आईचं काही उरलं असेल, किंवा बाबांच्या हातांनी सगळं वाहून गेलं असेल. आईचा शेवटचा कपडा. लेकीला एवढंच बघायचं होतं.

आज तो शेवटचा भाग होता, आणि लेक सकाळपासून थाऱ्यावर नव्हती. ग्रंथालयात तिने वाचून परत आलेली पुस्तकं नव्या पुस्तकांच्या कपाटात लावली आणि नवी परत आलेल्यांत. संध्याकाळी धावतपळत घरी येऊन टीव्हीची काच ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने. खुर्च्या मागे घेतल्या, पुन्हा पुढे ओढल्या. रेकॉर्डिंगचं बटण चालतंय ना, हे दोनदा तपासलं.

मावशी वेळेआधीच हजर झाली, ठेवणीतले कपडे घालून, हातात रुमाल. आईची ही धाकटी बहीण, आणि घराण्यात गोष्टीसाठी मालिका बघणारी एकमेव बाई. धुतलेल्या कोटाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तिने बसल्या बसल्या सगळं कथानक पुन्हा सांगायला घेतलं. शिपाई मेला असं सगळे धरून चाललेत. बायको एकटीने गिरणी चालवतेय. दिराचा त्या गिरणीवर डोळा. इतके महिने मालिका पाहूनही यातलं काहीही लेकीच्या डोक्यात नव्हतं. तिला गिरणीवालीचा निळा झगा तेवढा माहीत होता, आणि त्याची किनार चुकीच्या काळातली होती हेही.

सुरुवातीचं संगीत वाजलं आणि जिन्यावर पावलं वाजली. बाबा. पाणी प्यायला आलो, म्हणाले. दुकानात माठ भरलेला होता हे दोघींनाही माहीत होतं.

"भावोजी, उभ्याने पाणी पिऊ नये," मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "बसा. गिरणीवाली काही तुम्हाला खात नाही."

"गिऱ्हाईक यायचंय," बाबा म्हणाले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. पेला भरलेलाच.

अर्धा भाग दिराने खाल्ला. तो कागदांवर सह्या मागत होता, ती देत नव्हती, मावशीचा रुमाल आत्ताच अर्धा भिजला होता. लेक नखं कुरतडत होती. पुढे सरकत सरकत ती खुर्चीवरून जमिनीवर आली. जाहिराती लागल्या तेव्हा साबणाची एक जाहिरात होती, डाग नाहीसा करून दाखवणारी. तिने तिचा आवाज बंद करून टाकला. बाबा भिंतीकडे बघत होते.

आणि मग पडद्यावर संध्याकाळ झाली. चिखलाची वाट, गिरणीचं फाटक, आणि पाठमोरा एक उंच माणूस चालत आला. राखाडी कोट. तोच. शिवण लेकीच्या ओळखीची होती, पाठीवरची दुमड ओळखीची होती. तिने बाबांकडे पाहिलं नाही, नुसता हात मागे केला.

"इस्त्री दिसतेय," बाबा हळूच म्हणाले.

दिसत होती. बाहीवरून खांद्यापर्यंत सरळ धार, जणू माणूस लढाईवरून नाही, दुकानातून निघालाय. इतक्या दिवसांची दगदग, ते स्वयंपाक, ती पिशवी, सगळं त्या धारेखाली सपाट झालं होतं. पेल्यातलं पाणी फरशीवर सांडल्याचा आवाज झाला, पण बाबा जागचे हलले नाहीत.

फाटकाशी कंदील होता. माणूस वळला, उजेड तिरपा पडला, आणि कोट बोलायला लागला. कोपरांवरची लव गेलेली होती, ती कुठली इस्त्री आणणार? उजव्या खांद्यावर पट्ट्याची फिकट वाट तशीच. खिसे लोंबलेले, डावा थोडा जास्त. घडीची धार बरोबर त्या झिजलेल्या जागांवरून गेली होती आणि त्यामुळे झीज अधिकच उठून दिसत होती. गिरणीवाली दार उघडून उभी राहिली. तिचा हात त्याच्या बाहीवर गेला आणि रफूवर थांबला.

मावशीने नाक ओढलं. "घरी यायचं म्हणून धुवून घेतला गं त्याने," ती रुमालात म्हणाली. "एवढं काय काय सोसलं बिचाऱ्याने, पण बायकोसमोर मळका यायचं नाही. बघ की, किती जिवापाड नीट करून आणलाय."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. घराण्यातली एकमेव बाई जी कपडे कधी बघत नसे, तिने आज कोट पाहिला होता, आणि तो तसाच असायला हवा होता असं तिला वाटत होतं. अर्थात असायलाच हवा होता. माणूस असाच तर घरी येतो.

बाबा चौकटीवरून सुटले. चार पावलांत टीव्हीपुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि पडद्याला नाक लावावं इतके वाकले. मावशी ओरडली की भावोजी, तुम्ही काचेचे नाही, आम्हाला काही दिसत नाहीये.

"तो बघ," बाबा लेकीला म्हणाले. त्यांचं बोट डाव्या मनगटापाशी होतं. पेरभर तांबूस डाग, कंदिलाच्या उजेडात लख्ख. "दोनदा धरला होता त्याला. स्पिरिट लावलं, वाफ दिली. वाटलं गेला." त्यांचा आवाज चढत चढत लहान पोरासारखा झाला. "नाही गेला! कशाचा केला होता, काही बोलली का तुला?"

लेकीने मान हलवली. नव्हती बोलली.

"मलाही नाही." बाबा मागे सरकून फरशीवरच बसले, सांडलेल्या पाण्यात, आणि हसायला लागले. आई गेल्यापासून हा आवाज त्या खोलीत झालेला नव्हता, त्यामुळे मावशीने पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढली. "हरवलं की मला," बाबा म्हणाले. "शेवटच्या डावात हरवलं."

पडद्यावर दीर तावातावाने बाहेर येत होता, आता काहीतरी मोठं घडणार होतं. बाबांनी हात पुढे केला. लेकीने रिमोट दिला नाही, तिने स्वतःच चित्र मागे नेलं. गिरणीवालीचा हात बाहीवरून उठला, दार मिटलं, शिपाई उलट्या पावलांनी फाटकातून चिखलाच्या वाटेवर गेला. लेकीने बटण सोडलं. तो पुन्हा घराकडे निघाला.

"आला आपला," बाबा म्हणाले.

"अगं, पण गिरणीचं काय झालं?" मावशी कळवळून म्हणाली. "सही केली का तिने?"

कंदिलाचा उजेड यायला अजून थोडा वेळ होता.