पितळी जाळीची पेटी

मास्तरीणबाईंचा उजवा पाय पलंगापासून वीतभर वर होता आणि समोर उशीला टेकवलेल्या टॅबवर फिजिओबाई तोंड उघडं ठेवून थिजल्या होत्या. "पाय असाच वर धरा आणि..." एवढं बोलून त्या थांबल्या, त्याला आता बराच वेळ झाला होता. आणि काय, ते कळेना. मास्तरीणबाईंनी तेहतीस वर्षं वर्गातल्या पोरांना सूचना पूर्ण ऐकल्याशिवाय हलू दिलं नव्हतं, त्यामुळे आता त्याही हलल्या नाहीत. मांडी थरथरायला लागली तेव्हा मात्र त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो! गेलं हो परत!"

मिस्त्री हॉलमधून आले. त्यांनी पाय दोन्ही हातांनी धरला आणि हळूच खाली टेकवला.

"किती वेळ धरला होतास?"

"त्या खाली ठेवा म्हणाल्याच नाहीत."

"मग काय जन्मभर धरणार होतीस?"

"नेटचं नवीन मशीन आणा आता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आठवड्यात तीन वेळा हेच चाललंय. असंच राहिलं तर गुडघा वाकायचा नाही माझा, मग बसा मला उचलत." मग चादर सारखी करत, मिस्त्रींकडे न बघता त्या म्हणाल्या, "ठमीला विचारा कुठलं आणायचं ते. तिला कळतं त्यातलं."

मिस्त्रींनी टॅबची काच शर्टाच्या बाहीने पुसली, टॅब परत उशीला टेकवला आणि ते बाहेर गेले.

ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण घरात ते कोणी वापरलं नाही. ती दुभाष्याचं काम करायची. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला त्याची भाषा न येणारा पेशंट, आणि मध्ये, कानाला हेडफोन लावून, ठमी. दीड वर्ष ती हे काम घरातल्या याच मागच्या खोलीत बसून करत होती आणि दीड वर्ष तिचे कॉल बोलता बोलता तुटत होते. एकदा डॉक्टर गोळ्या किती आणि कधी घ्यायच्या ते सांगत असताना कॉल तुटला. ती तिसरी तक्रार. काम गेलं.

ती तशीच उठून बापाच्या कारखान्यात गेली होती. मिस्त्री एका गिऱ्हाइकाशी बोलत होते, दोन कारागीर लाकूड तासत होते.

"बाबा, माझं काम गेलं. नेटमुळे."

"काम जमत नव्हतं असं सांग," मिस्त्री म्हणाले होते, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हत्याराला, पटाशीला नावं ठेवणाऱ्याला मी माझ्याकडे एक दिवस उभा करत नाही."

ठमीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. त्याच आठवड्यात तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली भाड्याने घेतली. आता आठ महिने होत आले. महिन्यापूर्वी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ती आली, हॉस्पिटलात तीन रात्री राहिली, पण बापाशी तिचं बोलणं औषधाच्या चिठ्ठीपलीकडे गेलं नाही. आपल्या खोलीत बसून ती आता दुसऱ्या कंपनीसाठी तेच काम करते आणि कॉल तुटत नाहीत, एवढं मिस्त्रींच्या कानावर होतं. तिकडचं नेट चांगलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. समजूत पटली होती असं नाही. चहाचे दोनच कप भरताना त्यांचा हात रोज अडखळायचा.

दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्री नवीन मशीन आणायला दुकानात गेले.

काउंटरवरच्या बाईने विचारलं, "घर केवढं आहे, काका?"

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्यासमोरचा एक जाहिरातीचा कागद उलटा केला आणि घराचा नकाशा काढून दिला. प्रमाणात. भिंतींची जाडीसुद्धा दाखवली. बाहेरची तार जिथून आत येते त्या हॉलच्या कोपऱ्यात फुली मारली आणि मागच्या खोलीत पलंग काढला.

बाई नकाशा बघतच राहिली. "एवढं कोणी सांगत नाही हो आम्हाला. लहान घर आहे तुमचं. खरं तर जुनं मशीनही पुरायला हवं होतं."

"जुनं खराब झालंय," मिस्त्री म्हणाले.

तिने चार राउटर समोर मांडले. एकाला चार शिंगं होती, एकाला सहा, एक उभा डब्यासारखा. कोणाचा वेग किती, कोणावर किती फोन चालतील, हे ती भराभर सांगू लागली. मिस्त्रींनी खिशातून मेजरटेप काढली आणि एकेकाची लांबी, रुंदी, उंची मोजायला घेतली. सहा शिंगांचा त्यांनी लगेच बाजूला सारला.

"हा बसायचा नाही."

"कुठे बसायचा नाही?"

"आत," मिस्त्री म्हणाले आणि चार शिंगांच्या राउटरची शिंगं आडवी करून परत मोजू लागले. "हा बसेल. दोन सूत जागा राहते."

बाईला दोन सूत म्हणजे किती ते माहीत नव्हतं आणि आत म्हणजे कुठे तेही कळलं नाही. पण माल चांगला निवडला होता, त्यामुळे तिने जास्त चौकशी केली नाही. "नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा," एवढं मात्र तिने बजावलं. "म्हणजे घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातील."

आत म्हणजे पेटीत. ठमीला काम लागलं तेव्हा मिस्त्रींनी ही पेटी केली होती. तारांचा गुंता आणि लुकलुकणारे दिवे त्यांना उघड्यावर बघवत नव्हते, पण तेवढंच कारण नव्हतं. मुलीच्या पहिल्या कामाला आपल्या हातचं काहीतरी असावं, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. सहा आठवडे खपून त्यांनी सागाची पेटी केली, चारी अंगांना बारीक पट्ट्या लावल्या, पुढे दोन लहानशी दारं. मशीन तापतं, म्हणून हवा खेळावी. मुंग्या ऊब शोधत येतात, म्हणून त्यांना वाट मिळू नये. त्यासाठी आतून सगळीकडे, दारांनासुद्धा, पितळेची बारीक जाळी ठोकली. जो बघेल तो पेटीला हात लावून जायचा. फक्त दारं सारखी उघडी सापडायची. मिस्त्रींना उघडं दार बघवत नाही, बिजागरी ओढली जाते. येता-जाता ते बोटाने दारं लावायचे. शेवटी चुंबक कमी पडतंय असं समजून त्यांनी ते काढलं आणि दुप्पट जोराचं बसवलं.

चार वाजता मिस्त्री हॉलमध्ये स्टूल ओढून बसले. जुनं मशीन पेटीतून काढलं, तार नव्याला जोडली आणि नवं मशीन मांडीशेजारी स्टुलावरच ठेवलं. मशीनच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर जो पत्ता होता तो फोनमध्ये घातला. विचारेल त्याला उत्तर देत गेले. नाव आणि पासवर्ड फोनच्या वहीत पहिल्याच पानावर ठमीच्या अक्षरात होते. नाव होतं ‘मिस्त्री आणि मंडळी’. एकेक अक्षर वहीशी ताडून बघत त्यांनी ते एका बोटाने टाइप केलं. दिवा लाल झाला, केशरी झाला, आणि मग हिरवा होऊन थांबला.

"बघ गं आता!" त्यांनी आत हाक दिली.

मास्तरीणबाईंनी बघायला म्हणून लेकीलाच व्हिडिओ कॉल लावला. ठमी दिसली, ती इतकी लख्ख की मास्तरीणबाई हरखल्या.

"अगं, कानातलं नवीन घेतलंस का? कधी? मला कसं दिसलं नाही?"

"पंधरा दिवस झाले, आई. रोज घालते."

"मला तुझे नुसते ठिपके दिसायचे."

दोघींचं हसणं हॉलपर्यंत आलं. मिस्त्रींना बरं वाटलं. त्यांनी मशीन उचलून पेटीत ठेवलं. बरोबर दोन सूत जागा राहिली. त्यांनी दारं लावली, चुंबकाने टक् केलं.

"गेली!" आतून मास्तरीणबाई ओरडल्या.

तार हलली असेल, म्हणून मिस्त्रींनी दारं उघडली.

"आली!"

तार पक्की होती. त्यांनी दारं परत लावली.

"गेली हो!"

उघडली.

"आली. काय करताय काय तुम्ही?"

सांधा बसला की नाही ते बघताना करतात तसं मिस्त्रींनी दार सावकाश पुढे-मागे केलं. आली, गेली, आली. मग त्यांच्या मनात आलं, निदान जुनं मशीन तरी खराब असेल. असावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी तार नव्यातून काढून जुन्याला लावली, जुनं मशीन स्टुलावर उघड्यावर ठेवलं आणि दिव्याकडे बघत बसले. दोन मिनिटं गेली.

"आली बाई एकदाची," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ठमे, तुझे बाबा काहीतरी प्रयोग करतायत. पण चित्र मस्त आहे हं. नवं मशीन भारी आणलंय."

मिस्त्री स्टुलावर बसून राहिले. इथेच सोडून देता आलं असतं. नवं मशीन उघड्यावर ठेवायचं, जुनं भंगारात, आणि मशीन भारी हेच सगळ्यांनी धरून चालायचं. कोणी काही विचारणार नव्हतं. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, चारही बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दोन्ही दारं हातात घेऊन ते मागच्या खोलीत गेले.

पलंगाजवळ उभं राहून ते टॅबकडे वाकले.

"ठमे."

ठमीने बघितलं. "बाबा?"

"पेटीमुळे होत होतं तुझं," मिस्त्री म्हणाले. "ही जाळी. दार लागलं की नेट अडतं. जुनं मशीन धडधाकट आहे, आत्ता लावून बघितलं. तुझं काम चांगलं होतं. मी चार लोकांत बोललो ते चुकलं माझं."

ठमी हलली नाही. डोळे स्थिर, ओठ किंचित उघडे. मास्तरीणबाईंनी टॅब हातात घेऊन हलवला.

"गेली वाटतं परत."

"नाही गं आई," ठमी म्हणाली. "आहे."

तिने हेडफोन काढून नीट लावला, त्यात थोडा वेळ गेला.

"मला माहीत होतं, बाबा. दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सहा आठवडे खपला होतात तुम्ही. मला वाटलं, कॉलपुरती दारं उघडली की भागेल. मी उघडून यायचे आणि तुम्ही येता-जाता लावायचात."

"मला वाटायचं चुंबक ढिलं आहे."

"माहीत आहे. नवीन बसवलंत तुम्ही." ठमीला हसू आलं आणि डोळेही भरले. "मग मी मध्ये कागदाची घडी घालायला लागले. तीही तुम्ही काढून टाकायचात."

मिस्त्रींना त्या घड्या आठवल्या. कोण इथे कचरा कोंबतं म्हणून ते चिडायचे.

"पण त्या दिवशी?" ते म्हणाले. "काम गेलं त्या दिवशी तरी बोलायचंस. मी एवढं लागट बोललो."

"बोलणार होते. पण तो माणूस उभा होता ना समोर."

"कोण?"

"तुमचं गिऱ्हाईक. तशीच पेटी करून द्या म्हणून आला होता तो. त्याच्यासमोर कशी नावं ठेवू?"

मिस्त्रींनी हातातली दारं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या, परत वेगळी केली. मास्तरीणबाईंनी टॅब थोडा वळवला, म्हणजे त्यात मिस्त्री पूर्ण दिसतील.

"रविवारी ये," शेवटी मिस्त्री म्हणाले.

"येते. पेटी मोडू नका हं. मला हवी आहे."

"तुला कशाला? आत मशीन चालत नाही."

"मशीन नाही ठेवायचं. काम संपलं की फोन ठेवीन त्यात. निदान जेवताना तरी कोणाचा फोन लागणार नाही."

"आणि मी केला तर?"

"सांगून करा, दार उघडं ठेवीन," ठमी म्हणाली.

मिस्त्री मान हलवून हॉलमध्ये आले. नवं मशीन जोडून त्यांनी उघड्यावर, खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं, तारा लोंबत होत्या तशाच राहू दिल्या. मग पेटी मांडीवर घेऊन दारं परत लावायला घेतली. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर त्यांनी दुप्पट जोराचं चुंबक उचकटून काढलं, हत्यारांचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला आणि त्या ढिगात बोटं फिरवू लागले.

"काय शोधताय एवढं?" आतून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"जुनं चुंबक," मिस्त्री म्हणाले. "इथेच कुठेतरी टाकलं होतं."