माक रमलाहचा हसरा फोटो

"माक, हसू नका ना. नेहमीसारख्या बसा."

"मग मी नेहमी काय सुतकात असते? काढ मुकाट्यानं."

रोसनिदारला हसू आलं. तिने एक फोटो काढला. मेलिंजोच्या झाडाच्या भाजलेल्या बिया दगडावर ठोकून पापड करणं हा रमलाहचा रोजचा उद्योग. पण आज फोटो निघणार म्हणून तिने ईदची जांभळी ओढणी घेतली होती. शेजारपाजारचे सगळेच तिला माक, म्हणजे आई, म्हणत. तिला स्वतःला एकच मूल होतं, इलियास. लष्कर आणि बंडखोरांच्या तंट्याच्या काळात एका दुपारी गाडीतून माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. पुढे समेट झाला, बंदुका जमा झाल्या, रस्ते झाले. इलियासचा पत्ता मात्र लागला नाही.

"हाच लाव हं शहरातल्या प्रदर्शनात," रमलाह म्हणाली. "कोण जाणे, पळून मलेशियात गेला असेल. लाजेकाजेस्तव येत नसेल. कुणी त्याला दाखवला तर आई ठीक आहे एवढं तरी कळेल."

"हाच लावीन," रोसनिदार म्हणाली.

ती मूळची लग्नाचे फोटो काढणारी. नवऱ्यामुलीच्या रुसलेल्या आत्यांना हसवून हसवून तिचा घसा बसायचा. तिच्या फोटोंकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नसे. यंदा पहिल्यांदाच बांदा आचे शहरातल्या एका संस्थेने तिला बोलावलं होतं, बेपत्ता झालेल्यांच्या आयांचे फोटो काढायला. आणि तिला आतून ठाऊक होतं, की जांभळी ओढणी घेऊन हसणारी म्हातारी कुणाच्याही काळजाला हात घालणार नाही.

तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. लोकांचा चेहरा कशाने उजळतो हे तिला कळायचं, तसंच तो कशाने मोडतो हेही.

"माक, त्या दिवशी इलियास काय जेवला होता?"

रमलाहचा दगड थांबला.

"जेवला कुठं! माशाचं आंबट कालवण केलं होतं. दोन घास खाल्ले असतील. मी म्हटलं, अहो, हात तरी धुवू द्या पोराला. खरकट्या हातानंच..."

तिचे डोळे वाहू लागले. तेवढ्यात रोसनिदारने कॅमेरा उचलला होता.

तिने संस्थेला दोन्ही फोटो पाठवले. काम पाहणाऱ्या हेर्मानभाईंनी फोन केला, "कोणता घेऊ? तुम्ही सांगाल तो."

"दुसरा जास्त चांगला आलाय," ती म्हणाली. बोलून झाल्यावर ती उगाचच स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायली.

दुसरा फोटो फलकांवर आला, निमंत्रणांवर आला. लोक तिला फोन करून म्हणाले, "काय डोळा आहे तुझा!" तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटायची. रमलाहच्या गावावरून लग्नाला जायचं असलं, की ती लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. कधीतरी जाऊन सांगून टाकू, असं रोज म्हणायची. संस्थाच गाडी करून सगळ्या आयांना उद्घाटनाला आणणार आहे, हे तिला त्या दिवशी प्रदर्शनाच्या दारात गाडी उभी राहिल्यावरच कळलं.

रमलाह सगळ्यांत शेवटी उतरली. डोक्यावर तीच जांभळी ओढणी, हातात पापडांची पिशवी. "तुझ्यासाठी आणलेत गं," म्हणत तिने पिशवी रोसनिदारच्या हातात दिली. "कुठं लावलंयस मला?"

रोसनिदारला बोट दाखवावं लागलं नाही. समोरच्या भिंतीवर, माणसापेक्षा उंच, रमलाह रडत होती.

रमलाह बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "केवढी मोठी केलीस मला." आणि थोड्या वेळाने, "तो दुसरा बिघडला का गं?"

हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. म्हातारीने तशी वाटच करून दिली होती.

"नाही माक. चांगला आला होता."

"मग?"

"लोकांना... हा भिडतो."

"लोकांना." रमलाहने मान हलवली. "त्याच्या जेवणाचं तू मुद्दाम विचारलं होतंस ना?"

रोसनिदारने पापडांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला तेव्हाच कळलं होतं. मी काय दूधखुळी आहे? पण इतक्या वर्षांत सगळ्यांनी विचारलं, कोण आले, गाडी कसली, बंदुका होत्या का. पोराचं पोट भरलं होतं का, ते कुणी विचारलं नाही. म्हणून सांगितलं तुला. भिंतीवर लावायला नव्हतं सांगितलं."

रोसनिदार तडक हेर्मानभाईंकडे गेली. "तो फोटो उतरवा."

"डोकं फिरलं का तुमचं? पाहुणे दारात आलेत. आणि तो काढला तर राहतंय काय?"

"मी शब्द दिला होता त्यांना."

"निवडलात तर तुम्हीच," हेर्मानभाई म्हणाले. ते रागावले नव्हते, म्हणून ते जास्तच लागलं. "संपल्यावर बघू."

ती परतली तेव्हा लोक आत येऊ लागले होते. रमलाह आपल्या फोटोपुढे भिंतीला पाठ लावून उभी होती. ओढणी सारखी केलेली, हात पोटाशी जुळवलेले, आणि येईल त्याच्याकडे बघून हसत होती. लग्नघरी दारात वरमाय उभी राहते तशी.

एका तरुणाने फोन वर धरला. "आजी, जरा बाजूला होता का? फोटो झाकला जातोय."

"होऊ दे की," रमलाह म्हणाली. "ती मीच आहे. माझा काढ."

तो गोंधळला, ओशाळून हसला आणि पुढे सरकला. मागून आणखी माणसं येत होती. रोसनिदारने गळ्यातला कॅमेरा काढून खुर्चीवर ठेवला आणि ती रमलाहच्या शेजारी जाऊन, तशीच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रमलाहने तिच्याकडे पाहिलं नाही, पण थोडी सरकून जागा दिली.

दोघींची उंची बेताची. त्यांच्या डोक्यांवरून तो चेहरा पुरता दिसतच राहिला.