दादाचा मॉनिटर

धाकटीने स्पीकर स्टँडवर चढवले, मिक्सरला वायरी जोडल्या आणि दादाच्या पायाशी मॉनिटर ठेवला. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून असलेल्या या छोट्या स्पीकरचा आवाज हल्ली तिला फारच मोठा ठेवावा लागे.

"ताई, बहिरं करणार का आम्हाला?" गिटारवाला ओरडला.

ती नुसती हसली. दादाचे कान गेलेत, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, वहिनीलाही नाही. पण आता धाकटीला रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरी लागली होती. आज सांगायचंच, असं ठरवून ती त्याच्यापाशी गेली.

"दादा, सोमवारपासून मी येणार नाही."

"काय?"

ती जरा मोठ्याने बोलली. त्याने डावा कान पुढे केला. मागचे वादक वाजवायचे थांबून बघायला लागले. आणखी आवाज चढवला असता, तर त्याचं बिंग फुटलं असतं.

तिने मॉनिटरकडे बोट दाखवून "ठीक आहे ना?" अशी खूण केली.

"तू असताना मला कसला घोर?" दादा खुशीत म्हणाला.

ती मिक्सरपाशी परतली. लोक आत येऊन बसू लागले होते. गाणं सुरू व्हायच्या आत तिने स्टुडिओला नकार कळवून टाकला.