चिमाच्या नावावरचा ताप

मित्रांनो, मी काचेचा एक जुना थर्मामीटर आहे. मला घडवणाऱ्या कारागिराने पाऱ्याच्या वाटेवर एक चिंचोळा गळा ठेवला. त्यामुळे चढलेला पारा आपोआप उतरत नाही. दर माणसाआधी मला झटकावे लागते.

१८९७ साली मुंबईत प्लेग होता. मुंबईपासून दूर, आमच्या कोकणातल्या मांडवीच्या किनाऱ्यावर माडाच्या झापांच्या खोपी घालून छावणी उभारली होती. लोक तिला कारंटीन म्हणत. मुंबईहून आगबोटीतून आलेल्यांना तिथे वेगळे काढत. ताप नसला तर घरी, असला तर तापवाल्यांच्या खोपीत. वरच्या वर्गाच्या उतारूंना मला कधी लावलेच नाही. त्यांना नुसते विचारत. बाकीच्यांचा निकाल माझ्यावर. महिपत कंपाउंडर मला ‘न्यायाधीश’ म्हणे आणि मला ते आवडे.

एका दुपारी रांगेत चिमा होती. मुंबईला गिरणीतल्या आजारी नवऱ्याला भेटून ती गावी परतत होती. छावणीभोवती बांधलेल्या दोराच्या पलीकडे तिची नणंद तुळसा उभी होती आणि तिच्या कडेवर चिमाची वर्षाची राही.

“वैनी, लवकर ये गो! तुझ्या पोरीनं माझं कंबरडं मोडलं!”

“मोडू दे वन्सं, नायतरी कामाला कुठं लावतेस त्याला!”

चिमाच्या पुढच्या म्हाताऱ्याला एकशे तीन ताप निघाला. रांग लांब होती. महिपतने मला पुसले, पण झटकले नाही. तसाच चिमाच्या काखेत दिला.

“एकशे तीन. डावीकडे, तापवाल्यांत.”

“मला ताप? अवो, हात लावून बघा की!”

“हात कोण लावतो? काच खोटं बोलत नाय.”

तो पारा म्हाताऱ्याचा होता. मला ते सांगता आले नाही.

खोपीत उंदीर मरत होते, पिसवा चावत होत्या. चिमा रोज दाराशी येऊन पुन्हा तपासा म्हणे. दहा दिवसांआधी फेरतपासणी नाही, असा नियम होता. सहाव्या दिवशी ती उठलीच नाही, तेव्हा मला लावले. या वेळी महिपतने मला नीट झटकले. एकशे चार. हा ताप मात्र तिचाच होता.

“बघा डॉक्टर, पहिल्याच दिवशी पकडला होता मी,” महिपत म्हणाला. छावणीच्या डॉक्टरांनी त्याला शाबासकी दिली.

नवव्या दिवशी चिमा गेली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. काच फुटली तर नवी मिळते. पण माणसांना रांगेत उभे करून मोजण्याची वेळ तुमच्यावर आली, तर आकडा लिहिण्याआधी त्यांचे ऐका. राहीला लोक जन्मभर सांगत राहिले, तुझी आई मुंबईहून प्लेग घेऊन आली होती.